एका नावाची दुरुस्ती

रुग्णालयातून तपासणीचा अहवाल घरी आला की कुटुंबातील प्रत्येकाची नजर त्यात प्रथम एकच शब्द शोधते. 'कर्करोग' हा शब्द नसेल तर सुटकेचा निःश्वास टाकला जातो. असेल तर घरावर शांतता पसरते. परंतु काही अहवालांत याहून वेगळेच काही लिहिलेले असते. 'न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमर' असे शब्द असतात; जुन्या अहवालात 'कार्सिनॉइड' असेही आढळते. मग घरातील कोणी म्हणते, हा मेंदूचा विकार असावा. कोणी म्हणते, साधी गाठ दिसते, काळजीचे कारण नाही. कोणी ओळखीच्या डॉक्टरांना दूरध्वनी करून 'हा कॅन्सर आहे की नाही, एवढेच सांगा' असे विचारते आणि त्या साध्या प्रश्नाचे साधे उत्तर मिळत नाही.

या गोंधळाला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. त्याच्या प्रारंभी म्युनिक शहरातील एक विकृतिशास्त्रज्ञ उभे आहेत. त्यांनी या गाठींना प्रथम स्वतंत्र ओळख दिली, नाव दिले आणि बावीस वर्षांनंतर, त्या नावामागील आपली समजूत अपुरी होती, हेही स्वतःच नोंदवून ठेवले. डॉ. सिगफ्रीड ओबर्नडॉर्फर हे त्यांचे नाव. वैद्यकाच्या विद्यार्थ्यांखेरीज फारसे कोणाला ते ठाऊक नाही. मात्र स्वादुपिंड, आतडे किंवा फुप्फुस यांतील अशा गाठीचे निदान ज्या घरात झाले असेल, त्या घराने ही कथा अवश्य वाचावी.

कर्करोगासारखे, पण कर्करोग नव्हे

ओबर्नडॉर्फर यांचा जन्म १८७६ साली म्युनिक येथे झाला. वैद्यकीय शिक्षणानंतर ते तेथील विकृतिशास्त्र संस्थेत काम करू लागले. विकृतिशास्त्रज्ञाचे काम लोकांच्या नजरेआड चालते. रोग्याचा प्राण गेल्यावर त्याच्या देहाची तपासणी करावयाची, कोणत्या अवयवात काय बिघडले ते शोधावयाचे आणि त्या ज्ञानाचा उपयोग जिवंत असलेल्यांना व्हावा म्हणून नोंदी ठेवावयाच्या. लहान आतडे पूर्ण लांबीभर उघडून पाहणे हा त्या कामाचाच एक भाग असे.

अशा तपासण्यांत त्यांना आतड्याच्या अस्तराखाली अगदी लहान गाठी आढळू लागल्या. पुष्कळदा एकाच आतड्यात त्या अनेक असत. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर पेशींचे पुंजके दिसत आणि ते पाहून कर्करोगाचीच आठवण व्हावी. परंतु त्यांचे वर्तन वेगळे होते. कडा स्पष्ट होत्या. आजूबाजूच्या भागात त्या घुसत नव्हत्या. वाढ अतिशय मंद होती. दूरच्या अवयवांत त्या पसरल्याचेही त्यांना दिसले नाही.

यापूर्वी अशा गाठी कोणाच्या दृष्टीस पडल्याच नव्हत्या असे नाही. ओटो लुबार्श या जर्मन विकृतिशास्त्रज्ञांनी १८८८ मध्येच त्यांचे वर्णन केले होते. परंतु हा स्वतंत्र प्रकार आहे, त्याची गणना नेहमीच्या आतड्याच्या कर्करोगात करता येणार नाही, असे ठामपणे मांडले ते ओबर्नडॉर्फर यांनी. १९०७ च्या सप्टेंबर महिन्यात ड्रेस्डेन येथे जर्मन विकृतिशास्त्र परिषदेच्या अधिवेशनात त्यांनी आपली निरीक्षणे सादर केली आणि त्याच वर्षी ती प्रबंधरूपाने प्रसिद्ध केली. या गाठींसाठी त्यांनी शब्द योजला 'कार्सिनॉइड'. 'ऑइड' या ग्रीक प्रत्ययाचा अर्थ 'सारखा दिसणारा'. म्हणजे कर्करोगासारखा, पण कर्करोग नव्हे. मराठीत 'कर्कसदृश' म्हणता येईल.

नाव सुटसुटीत होते आणि दिलासा देणारेही होते. ते जगभर रूढ झाले.

बावीस वर्षांनंतर

शवविच्छेदनात योगायोगाने सापडणारी गाठ बहुधा मंद स्वभावाचीच असणार, कारण रोग्याचा मृत्यू दुसऱ्याच आजाराने झालेला असतो. केवळ अशा गाठी पाहणाऱ्याला सगळ्याच गाठी निरुपद्रवी वाटल्या तर नवल नाही. ओबर्नडॉर्फर मात्र प्रबंध प्रसिद्ध करून थांबले नाहीत. पुढे म्युनिकच्याच श्वाबिंग रुग्णालयात विकृतिशास्त्र विभागाचे काम पाहताना त्यांचे निरीक्षण चालूच राहिले. जमलेल्या अनुभवात काही गाठी अशा निघाल्या की ज्या आजूबाजूला घुसल्या होत्या आणि अन्यत्र पसरल्याही होत्या.

१९२९ साली एका मोठ्या जर्मन संदर्भग्रंथासाठी लिहिताना त्यांनी आंत्रपुच्छ आणि लहान आतडे यांतील ३६ गाठींचा आढावा घेतला आणि आपल्या मूळ मताला मुरड घातली. कार्सिनॉइड गाठी घातक होऊ शकतात, त्या पसरू शकतात, हे त्यांनी मान्य केले.

ज्या शोधामुळे आपले नाव झाले, त्याच शोधातील मध्यवर्ती विधान आपल्याच लेखणीने मागे घेणे ही सोपी गोष्ट नव्हे. ओबर्नडॉर्फर यांनी ते केले, कारण समोरच्या काचपट्टीवर जे दिसत होते ते त्यांना नाकारता येईना.

मात्र रूढ झालेला शब्द परत घेता येत नाही. 'कार्सिनॉइड' म्हणजे फारसे भय नसलेली गाठ, ही समजूत पुढे कित्येक दशके टिकून राहिली. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली आपल्या वर्गीकरणात या समूहासाठी 'न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमर' ही संज्ञा पुढे आणली. आज या गाठी घातक होण्याची शक्यता असलेल्या मानल्या जातात. तरीही जुना शब्द बोलण्यात आणि अहवालांत अधूनमधून डोकावतोच.

परक्या भूमीवर

दुरुस्तीनंतर चारच वर्षांनी ओबर्नडॉर्फर यांच्या आयुष्याला निराळेच वळण लागले. १९३३ मध्ये जर्मनीत नाझी सत्तेवर आले. ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या संशोधकाला आपले पद गमवावे लागले. ज्या शहरात जन्म झाला, शिक्षण झाले, आयुष्यभराचे काम झाले, त्या शहरात त्यांना स्थान उरले नाही.

त्याच वर्षी तुर्कस्तानात इस्तंबूल विद्यापीठाची पुनर्रचना चालू होती. जर्मनीतून बाहेर पडलेले विकृतिशास्त्रज्ञ फिलिप श्वार्त्झ यांनी झ्यूरिक येथे पदच्युत विद्वानांसाठी एक साहाय्य संघटना उभारली आणि तुर्की सरकारशी बोलणी केली. त्यातून अनेक प्राध्यापकांना इस्तंबूलमध्ये आश्रय मिळाला. ओबर्नडॉर्फर त्यांपैकी एक. वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी नवा देश, नवी भाषा आणि नवे विद्यार्थी घेऊन त्यांनी पुन्हा प्रारंभ केला. तेथे त्यांनी विकृतिशास्त्र शिकवले आणि कर्करोगाच्या अभ्यासाला हातभार लावला. १९४४ साली इस्तंबूल येथेच त्यांचे निधन झाले. दुसरे महायुद्ध संपलेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

संप्रेरके सोडणारी गाठ

ओबर्नडॉर्फर यांनी गाठ ओळखली, पण ती कोणत्या पेशींपासून बनते हे १९०७ मध्ये ठाऊक नव्हते. फ्रान्समधील पिएर मासाँ आणि त्यांचे सहकारी यांनी १९१४ मध्ये दाखवून दिले की आतड्याच्या अस्तरात विखुरलेल्या, अंतःस्रावी स्वरूपाच्या पेशींपासून ती उद्भवते. या पेशी रक्तात संप्रेरके, म्हणजे हॉर्मोन, सोडतात. त्यांचे काही गुणधर्म चेतापेशींसारखे आणि काही अंतःस्रावी ग्रंथींसारखे असतात. 'न्यूरोएन्डोक्राइन' या जोडशब्दाचा उगम तेथे आहे. मेंदूच्या विकाराशी त्याचा संबंध असतोच असे नाही.

१९५३ मध्ये फ्रेड लेम्बेक यांनी अशा गाठीत सेरोटोनिन हे द्रव्य दाखवून दिले. पुढच्याच वर्षी स्वीडनमधील वैद्यांनी या गाठींमुळे होणाऱ्या लक्षणसमूहाचे वर्णन केले. चेहरा व मान अचानक लाल होऊन उष्ण वाफा येणे, वारंवार पातळ शौच, दम्यासारखी धाप आणि कालांतराने हृदयाच्या उजव्या बाजूच्या झडपांचा विकार ही ती लक्षणे.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. आतड्यातून निघालेले रक्त प्रथम यकृतात जाते आणि यकृत ही द्रव्ये निष्प्रभ करते. म्हणून गाठ आतड्यापुरती असेपर्यंत ही लक्षणे सहसा दिसत नाहीत. ती दिसू लागतात तेव्हा बहुतेक वेळा गाठीने यकृतात ठाण मांडलेले असते. निरुपद्रवी म्हणवली गेलेली गाठ अनेक वर्षे मूकपणे वाढत राहून शेवटी बोलू लागते, ती अशी.

स्वादुपिंडातील दोन आजार

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यापुढे आडवे पहुडलेले स्वादुपिंड दोन कामे करते. पचनासाठी लागणारा रस ते नलिकांवाटे आतड्यात सोडते आणि इन्सुलिनसारखी संप्रेरके रक्तात सोडते. संप्रेरके निर्माण करणारी पेशींची लहान बेटे पॉल लांगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याने १८६९ मध्ये आपल्या प्रबंधात प्रथम वर्णिली. आजही ती त्याच्याच नावाने ओळखली जातात.

'स्वादुपिंडाचा कर्करोग' असे आपण म्हणतो तेव्हा बहुधा नलिकांच्या पेशींपासून उद्भवणारा रोग अभिप्रेत असतो. स्वादुपिंडाच्या कर्करोगांपैकी बहुसंख्य याच प्रकारचे असतात आणि तो फार आक्रमक असतो. अमेरिकेतील आकडेवारीनुसार स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या निदानानंतर पाच वर्षे जगणाऱ्यांचे प्रमाण, सर्व टप्पे एकत्र धरून, सुमारे १३ टक्के आहे. अंतःस्रावी पेशींपासून होणाऱ्या न्यूरोएन्डोक्राइन गाठी संख्येने त्यामानाने फार थोड्या, स्वभावाने बहुधा मंद आणि उपचारांना अधिक अनुकूल असतात. अवयव एकच, पण आजार दोन. पहिल्याचे भय दुसऱ्याला लावून हताश होणे चूक आणि दुसरा मंद आहे म्हणून दुर्लक्ष करणेही तितकेच चूक.

या दुसऱ्या प्रकाराची एक ठळक नोंद अमेरिकेतील मेयो क्लिनिकची आहे. रक्तातील साखर वारंवार घसरणाऱ्या एका रोग्याच्या स्वादुपिंडात गाठ सापडली. ती यकृतातही पसरली होती. रसेल वाइल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या गाठीचा अर्क सशांना टोचला, तेव्हा त्यांची साखर खाली आली. गाठच इन्सुलिन तयार करीत होती, हे १९२७ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन वर्षांनी टोरांटो येथे रॉस्को ग्रॅहम यांनी अशी एक गाठ शस्त्रक्रियेने काढून रोग्याला बरे केले. गाठीची जागा आणि पसार यांवर नशीब कसे पालटते, त्याची ही दोन उदाहरणे.

अशा गाठीला 'इन्सुलिनोमा' म्हणतात. ती ओळखण्याची खूण न्यूयॉर्कचे शल्यविशारद ॲलन व्हिपल यांनी १९३० च्या दशकात सांगितली. उपाशी असताना घाम, थरथर, भ्रम किंवा ग्लानी यावी, त्याच वेळी रक्तातील साखर कमी आढळावी आणि साखर देताच रोगी सावध व्हावा, अशा तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर संशय बळावतो. निदानासाठी रुग्णालयात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जास्तीत जास्त ७२ तासांचा उपवास करवून रक्त तपासले जाते.

आपल्या घरांत उपवासाची परंपरा असल्याने ही माहिती विशेष महत्त्वाची आहे. उपवासात थोडा अशक्तपणा सर्वांनाच येतो. परंतु दरवेळी उपाशीपोटी बोलणे असंबद्ध व्हावे, माणसे ओळखू येऊ नयेत, शुद्ध हरपावी आणि गोड पाणी पिताच सारे पूर्ववत व्हावे, असे घडत असेल तर त्याला निश्चयाचा अभाव किंवा वयाचा परिणाम समजू नये. पुढचा उपवास करण्यापूर्वी डॉक्टरांची भेट घ्यावी. हा आजार विरळ असला तरी साखर घसरण्याची अन्य कारणेही तपासण्याजोगीच असतात.

स्वादुपिंडातील सर्वच गाठी अशा बोलक्या नसतात. काही गाठी जठराम्ल वाढवतात. वारंवार होणारे आणि औषधांना न जुमानणारे व्रण ही त्यांची खूण झोलिंजर व एलिसन या अमेरिकी शल्यविशारदांनी १९५५ मध्ये दाखवली. अनेक गाठी कोणतेही लक्षण निर्माण करीत नाहीत आणि दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या स्कॅनमध्ये अचानक दिसतात.

मंद म्हणजे निर्धोक नव्हे

ॲपल कंपनीचे संस्थापक स्टीव्ह जॉब्स यांना याच प्रकारची गाठ स्वादुपिंडात असल्याचे निदान ऑक्टोबर २००३ मध्ये झाले. शस्त्रक्रिया जुलै २००४ मध्ये झाली. मधला काळ त्यांनी आहार आणि अन्य उपायांवर घालवला. २००९ मध्ये त्यांचे यकृत-प्रत्यारोपण झाले आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ते निवर्तले. शस्त्रक्रिया आधी झाली असती तर काय घडले असते, हे कोणालाही सांगता येणार नाही. परंतु निदानानंतरचे महिने किती मोलाचे असतात, याचा विचार प्रत्येक कुटुंबाने करावा.

भारतात हा शब्द घराघरांत पोहोचला तो मार्च २०१८ मध्ये, अभिनेते इरफान खान यांनी आपल्याला न्यूरोएन्डोक्राइन ट्यूमर असल्याचे स्वतः जाहीर केले तेव्हा. या नावातील 'न्यूरो' म्हणजे दरवेळी मेंदू नव्हे, हेही त्यांनी त्याच निवेदनात स्पष्ट केले. २९ एप्रिल २०२० रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

पेशींवरील कुलूप आणि किल्ली

या गाठींचे वेगळेपण जसे घातक, तसेच उपयोगीही ठरले. रॉजर गिलमॅन यांच्या प्रयोगशाळेने १९७३ मध्ये सोमॅटोस्टॅटिन हे संप्रेरक ओळखले. अनेक संप्रेरकांच्या स्रावाला ते आवर घालते. पुढे असे आढळले की बहुतांश न्यूरोएन्डोक्राइन गाठींच्या पेशींवर या संप्रेरकाला धरून ठेवणारी ग्राहके विपुल असतात. ग्राहक म्हणजे कुलूप मानले तर त्यात बसणारी किल्ली तयार करता येईल, या विचाराने ऑक्ट्रिओटाइड हे औषध बनले. त्याने संप्रेरकांचा उपद्रव आटोक्यात येतो आणि गाठीची वाढही मंदावू शकते.

नंतर संशोधकांनी त्याच किल्लीला किरणोत्सारी अणू जोडला. गॅलियम-६८ जोडले तर पेट स्कॅनमध्ये शरीरभरच्या गाठी उजळून दिसतात. ल्युटेशियम-१७७ जोडले तर तीच किल्ली गाठीपर्यंत किरणोत्सार वाहून नेते आणि तिच्या पेशींवर आतूनच मारा करते. लहान आतड्याच्या भागातील, पसरलेल्या गाठी असलेल्या २२९ रोग्यांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. वीस महिन्यांनंतर रोग पुढे न सरकलेल्यांचे प्रमाण ल्युटेशियम उपचारात सुमारे ६५ टक्के, तर केवळ ऑक्ट्रिओटाइडच्या वाढीव मात्रेत सुमारे ११ टक्के होते.

महाराष्ट्रातील वाचकांना समाधान वाटावे अशी गोष्ट म्हणजे हा उपचार आपल्याकडेही होतो. मुंबईत परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्राचे रेडिएशन मेडिसिन सेंटर आहे. तेथे देशातच, ट्रॉम्बेच्या अणुभट्टीत तयार झालेले ल्युटेशियम वापरून रोग्यांवर उपचार केले जातात.

घरातील माणसांनी काय विचारावे

अहवालात हा शब्द आढळला तर 'कॅन्सर आहे की नाही' एवढ्याच प्रश्नावर थांबू नये. पुढील गोष्टी डॉक्टरांना विचाराव्यात. गाठ मूळ कोणत्या अवयवातील आहे? ती किती मोठी आणि कुठवर पसरली आहे? तिचा दर्जा कोणता? हा दर्जा ठरवताना 'की-६७' या तपासणीतून किती टक्के पेशी विभाजनाच्या मार्गावर आहेत ते मोजतात. तीन टक्क्यांहून कमी असल्यास पहिला दर्जा, तीन ते वीस टक्के असल्यास दुसरा आणि त्याहून अधिक असल्यास तिसरा. गाठीवर सोमॅटोस्टॅटिनची ग्राहके आहेत काय? कुटुंबात अशा गाठी पूर्वी कोणाला झाल्या होत्या काय? कारण काही थोड्या रोग्यांत हा दोष आनुवंशिक असतो.

या प्रश्नांची उत्तरे दिलासाही देऊ शकतात. आंत्रपुच्छातील एक सेंटिमीटरहून लहान गाठ आंत्रपुच्छ काढून टाकल्यावर सहसा कायमची बरी होते. अशा रोग्याला आयुष्यभर भयाच्या छायेत ठेवणे अन्यायाचे होईल. दुसरीकडे, यकृतात पसरलेल्या गाठीसहही योग्य उपचारांनी अनेकजण वर्षानुवर्षे कामकाज करीत जगतात.

आणखी एक घरगुती सूचना. सेरोटोनिनच्या प्रमाणासाठी चोवीस तासांची लघवी तपासावयाची असेल तर त्याआधी केळी, अननस, अक्रोड, टोमॅटो आणि वांगी वर्ज्य करण्यास सांगितले जाते. अन्यथा निकाल फसवा येऊ शकतो. प्रयोगशाळेने दिलेली यादी स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीच्या हाती दोन-तीन दिवस आधीच द्यावी. लहानशी गोष्ट आहे, पण तिच्यामुळे चुकीचे निदान टळते.

ओबर्नडॉर्फर यांच्या वेळी ना स्कॅन होते, ना ल्युटेशियम. त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक होता आणि एकदा लिहून झालेल्या गोष्टीकडे पुन्हा पाहण्याची तयारी होती. अहवाल हाती घेणाऱ्या कुटुंबानेही तेवढेच करावे. पहिल्या वाचनात झालेला समज, मग तो भयाचा असो वा निश्चिंततेचा, अंतिम मानू नये. कागद घेऊन जाणकाराकडे जावे, गरज वाटल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे आणि नीट समजून घेतल्यावरच पुढचे पाऊल उचलावे.